सेकंदाला सोळा

मशीन नव्या पद्धतीच्या फिल्मसाठी,
आमची रिळं जुन्या पद्धतीची. फरक फक्त भोकांचा.
तेवढ्यानं चित्र अर्धं घसरायचं :
वर माणसांचे पाय, खाली त्यांचीच डोकी,
आणि मधून काळा धुरा.

मी मोटरा भरतो.
तुमसर रोडला, धानाच्या मिलजवळच्या टपरीत.
जळालेल्या पंपाची तार उकलायची, मोजायची,
तेवढेच वेढे पुन्हा घालायचे.
त्यामुळे लोकचंद जेव्हा म्हणाला,
"भाऊ, उघडून तं पाहा, एवढुसं तं हाय,"
तेव्हा वॉरंटीचं स्टिकर नखानं कधी निघालं
माझं मलाच कळलं नाही.

रिळं अकरा. इस्तारी मोठेबाबांची.
मँगनीजच्या खाणीत ते टाइमकीपर होते.
कुण्या परदेशी इंजिनिअरनं जाता जाता कॅमेरा दिला,
म्हणजे दिला नाही, सायकलच्या बदल्यात सोडला.
मोठीआई त्या सायकलीसाठी
वर्षभर बोलली नाही त्यांच्याशी.
पहिल्या रिळात ती पाठमोरीच आहे.

फिल्म दाबून धरणारी पट्टी ओरखडे काढे,
तिथं बांगड्यांच्या डब्यातली मखमल चिकटवली.
छोट्या रिळांना दांडा हवा होता :
सायकलचा आरा कापून बसवला
(परतफेड म्हणा).
लोकचंदनं मेमरी कार्डातल्या कुठल्याशा ओळी बदलल्या.
आणि उजेड येतो ती खिडकी
मी कानशीनं घासत बसलो, दोन रात्री,
लाइट असेल तेव्हा.
थोडी जास्तच घासली गेली.

त्या जास्तीत निघालं.
कॅमेऱ्यानं टिपलेलं, पडद्यावर कधीच न आलेलं,
दोन भोकांच्या मधल्या कनकीएवढ्या जागेत
एक हात.
मनगटावर गोंदण, तीन ठिपके.
डावीकडून येतो,
पोरांना पाठीत हलकेच ढकलतो, चित्रात,
आणि मागे होतो.
बारशात, पोळ्यात, खाणीच्या गेटवर, सगळीकडे.

चार मिनिटांच्या रिळाला सव्वादोन तास लागतात.
तेवढा वेळ सुलकन आत्या बाकावर बसून होती,
सुपारी कातरत, मशीनची टकटक ऐकत.
मी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कोणाचा?"
"असंन कोणाचा,"
म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला.

मग आई आली.
मी दीड वर्षाचा असताना गेलेली आई,
डोक्यावर गुंड, विहिरीकडून,
पळत सुटल्यासारखी.
"हे कोन होय?" आत्या म्हणाली. "थे असी तुरुतुरु नाही चाले.
तिच्या टाचेत भोवरी होती. हळू कर."

मशीनचा हिशोब सेकंदाला वीस चित्रं.
लोकचंद म्हणाला, जुन्या फिल्मला सोळा, तसा नियम आहे.
सोळा केलं.
"अजून."
पंधरा.
आत्यानं अडकित्ता खाली ठेवला. "अजून थोडं."

वेढे मोजल्याशिवाय मी कधी कॉइल भरली नाही.
पण कॅमेरा चावीचा, चावी संपत आली
की तो मंद होई, आणि त्यातली माणसं
शेवटच्या दोन पावलांना घाईला येत.
मोजणार काय?
चौदा केलं.

आई थांबली नाही, पण टेकली,
डावा पाय जरा जपून,
गुंडातलं पाणी हिंदकळून खांद्यावर,
तिनं मान वळवली,
काहीतरी म्हणाली, डावीकडे बघून, चित्राबाहेर.

"हां," आत्या म्हणाली. "आता थे होय."

बराच वेळ ती पुढे बोलली नाही.
मिलमध्ये भुसा उडत होता, दारातून आत येत होता,
मी मखमलीवरून ब्रश फिरवला.
"बाकीच्या दहा रिळांचं कसं करू?" विचारलं.
"त्यातल्यांची चाल मले काय माईत.
तुह्या मशीनलेच इचार."

दुसरं रीळ लावलं.
डावीकडून हात आला.